रंजनाच्या नावाची सव्वा मूठ

गुरुवारी दुपारी हर्षदा शाळेतून घरी आली, तेव्हा पुढच्या खोलीत गहू मोजायची तयारी चालली होती. दप्तर दाराशीच टाकून ती आधी मोरीत पाय धुवायला पळाली. आज न धुतलेल्या पायाने कुणी आत आलं असतं, तर मोठीमायने त्याला उभं सोललं असतं. रविवारी घरात कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी, बसणार होती. सुरतेतल्या उधन्यात, त्यांच्या गल्लीत ती दर तिसऱ्या घरी बसते. धुळ्याकडचं गाव सुटून तीस वर्षं झाली, पण कानबाई काही एकटी गावात राहिली नाही. सगळ्यांच्या मागोमाग तीही सुरतला आली आणि कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात दरवर्षी मजेत बसते.

कानबाईला नैवेद्याला गव्हाचे जाडसर रोट लागतात, आणि रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने काढायचे. एका पुरुषामागे सव्वा मूठ: एक भरून, वर थोडी. काढायचं काम घरातल्या मोठ्या बाईचं. म्हणजे उषाबाईचं, हर्षदाच्या मोठ्या काकूचं. तिलाच सगळे मोठीमाय म्हणत.

मोठीमाय पाटावर बसली होती. समोर परात, शेजारी धुऊन वाळवलेल्या गव्हाचं सूप. हर्षदाची मम्मी खडे निवडत होती. वहिनी मांडीवर सात महिन्यांच्या योगेंद्रला घेऊन भिंतीला टेकली होती.

"घरधनीनी," मोठीमाय म्हणाली आणि पहिली मूठ परातीत पडली. नवऱ्याचं, किसनचं, म्हणजे हर्षदाच्या मोठ्या बाबांचं, नाव ती अजून घेत नसे.

"पंडितनी." ही हर्षदाच्या पप्पांची.

"गजेंद्रनी." या मुठीला मोठीमायचा हात जरा जास्तच सैल झाला. गजेंद्र तिचा मुलगा, हर्षदाचा दादा आणि वहिनीचा नवरा. वर्षभरापूर्वी शारजाला कापडाच्या शोरूममध्ये लागला. "मन्हा पोऱ्या तिकडे एकला. कानबाई माय, त्याले सांभाळ व."

"योगेंद्रनी." योगेंद्रने स्वतःची मूठ तोंडात कोंबली होती. दात एकही नव्हता, पण परातीत त्याच्या नावाचे गहू पडले.

मोठीमायने हात झटकले. "व्हयनं. चार."

"चार कसे?" हर्षदा दारातूनच म्हणाली. "ताईची राहिली ना!"

मम्मीचा हात सुपातच थांबला. वहिनीने योगेंद्रच्या डोक्यावरचं टोपरं उगाच नीट केलं.

ताई म्हणजे रंजना, हर्षदाची सख्खी मोठी बहीण. नर्सिंग शिकली, सव्वा वर्ष जर्मन भाषेचा रट्टा मारला आणि मागच्या वर्षी जर्मनीतल्या एका छोट्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरीला गेली. त्या वेळीही श्रावणात पुरुषांच्याच तीन मुठी निघाल्या होत्या आणि हर्षदा बघत गप्प बसली होती. पण मागच्या वर्षीची हर्षदा वर्गात हजेरीलाही पुटपुटायची. यंदा तिने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माईक हातात धरला होता, आणि तिच्या लक्षात आलं होतं की आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"पुरुषसन्या मुठी ऱ्हातस," मोठीमाय म्हणाली. "तुले माहीत नही का?"

"माहीत आहे. पण दादा पण परदेशात, ताई पण परदेशात. दादासाठी देवीला साकडं, आणि ताईचं नाव पण नाही?"

"तो घर चालाडाले गया."

"आणि ती काय फिरायला गेली?"

"नही त काय व?" मोठीमायने परात पुढे सरकवली. "परवा फोटो टाका तिनी. डोकावर रबरनी टोपी, मागे तळं. नोकरी कराले गयी का पवाले गयी ती?"

आता मात्र हर्षदाच्या कानशिलातून वाफ निघायचीच बाकी राहिली. दादाने त्याच आठवड्यात वाळूच्या डोंगरावरून गाडी उडवतानाचा व्हिडिओ पाठवला होता. तो या घराने अकरा वेळा बघितला. मोठीमायने शेजारच्या सखुबाईला ओट्यावर बोलावून दाखवला. दर शुक्रवारी दादा क्रिकेट खेळतो, त्याचंही कौतुक. "तेवढाच जीव रमाडस बिचारा." दादाचा जीव रमतो, आणि ताई पोहली की लगेच नोकरी सोडून मजा!

"मोठीमाय, ती पोहायला कधी शिकली माहीत आहे? सव्विसाव्या वर्षी! पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. इथे तरणतलावाचा फॉर्म तिने तीनदा आणला होता, तीनदा मोठ्या बाबांनी फाडला. आठवतंय ना तुला?"

"हर्षू," मम्मी हळूच म्हणाली, "जाऊ दे ना."

"का जाऊ दे? तू तरी सांग की! पहाटे साडेपाचला ती सायकलवर निघते. तिकडे थंडीत रस्त्यावर बर्फ असतो. एक आजोबा आहेत, ते तिला रोज दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाका मारतात आणि ती ओ देते. माणसं उचलून उचलून तिची कंबर गेली, म्हणून डॉक्टरनेच सांगितलं पोहायला! हे तिने ग्रुपवर टाकलं नाही. तळ्याचा फोटो टाकला. कारण कंबरेचं सांगितलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, बघ, आम्ही सांगत होतो, ये परत."

मोठीमायने परातीतले गहू हाताने सारखे केले. मग म्हणाली, "ती उद्या लगीन करी जाई. मूठ तिन्हा सासरले निघी."

"सासरी पण पुरुषांचीच निघेल! मग तिची निघेल कुठे?"

वहिनीने पटकन मान खाली घातली. तिचंही सासर हेच होतं.

हर्षदाने मम्मीचा मोबाईल उचलला. जर्मनीत सकाळचे नऊ वाजले असतील, ताईची आज दुपारची पाळी. ताईनेच सांगावं सगळं, कंबरेसकट. रिंग गेली, पडदा हलला आणि स्वयंपाकघरात केसांचा बुचडा बांधलेली रंजना दिसली. मागे घर्रर्र आवाज होता.

"ताई, काय करतेस?"

"थांब गं, बंद करते." आवाज थांबला. "गहू दळतेय. कॉफी दळायच्या यंत्रात. तुर्की दुकानात अख्खे गहू मिळाले. रविवारी माझी सुट्टी, म्हटलं रोट करू."

मोठीमाय पाटावरून अर्धी उठली. "यंत्र धुयं का?"

"तीनदा, मोठीमाय! केरळची मुलगी राहते ना माझ्याबरोबर, तिला वाटलं मला वेड लागलं."

"कितन्या मुठी लिध्यात?"

"पाच."

मोठीमायने भुवया वर नेल्या. "पाच? तठे कोण पुरुष शेतस?"

"पुरुष कुठून आणू? दादाची, मोठ्या बाबांची, पप्पांची, योगेंद्रची तुम्ही तिकडे काढताच. मी राहिलेल्यांची काढली. तुझी, मम्मीची, वहिनीची, हर्षूची, माझी."

मोठीमाय फोनच्या आणखी जवळ सरकली.

"मन्हं नाव बी लिधं?" मोठीमायने विचारलं. आवाज अगदीच निराळा होता.

"पहिलंच घेतलं. मोठी तूच ना घरात?"

हर्षदा मात्र फोनकडे बघत उभी राहिली. एवढा वेळ तिने ताईसाठी तोंड चालवलं होतं आणि स्वतःची मूठ तिच्या डोक्यातही आली नव्हती! पंधरा वर्षं याच घरात राहते, पाणी भरते, कानबाईच्या गाण्यांना सगळ्यात वरचा आवाज तिचा, आणि परातीत नावाचा एक दाणा नाही. आणि तिलाच ते खटकलं नव्हतं. याचा राग तिला कुणावर काढावा ते कळेना. शेवटी तो तिने सुपावर काढला.

"ताई, तू तिकडे काढलीस म्हणून इकडची माफ होत नाही," ती म्हणाली. फोन तिने वहिनीच्या हातात दिला, परातीपाशी मांडी घातली आणि सुपात हात खुपसला. "रंजनानी." मूठ पडली. "हर्षदानी."

"हर्षे! बाटाडशी!" मोठीमाय ओरडली.

"पाय धुतलेत. हात पण. मम्मीनी—"

"अशी नही भरतस!" मोठीमायने तिचं मनगट धरलं. दाणे बोटांच्या फटींतून पाटावर सांडले होते. "सव्वा मूठ म्हणजे सव्वा. ही पाऊण बी नही. देवीले फसाडस का? ठेव ते." तिने मम्मीची मूठ स्वतः भरली, परातीत सोडली, वर चिमूटभर टाकली. वहिनीकडे एकदा बघितलं आणि तिचीही टाकली. मग हात सुपातच राहिला.

"तुझी, मोठीमाय," फोनमधून रंजना म्हणाली.

"मन्ही मी भरसू. तू तुन्हं दळ."

इतक्यात मोठे बाबा कापडी पिशवी घेऊन आत आले. त्यांनी परातीकडे बघितलं, मग आणखी एकदा. "एवढा गहू? चारन्या ना?"

"नऊ," हर्षदा म्हणाली.

"नऊ कसाले? असं कधी व्हतं का आपला घरमा?"

"तुमले रोट थापाना शेत का?" मोठीमाय पिशवीत गहू ओतत म्हणाली. "नही ना? मग मोजू बी नका."

पिशवी मोठ्या बाबांनी उचललीच नाही. ती हर्षदाने उचलली आणि तरातरा कोपऱ्यावरच्या चक्कीवर गेली. चक्कीवाले रामदासभाऊ गावाकडचेच, श्रावणात रोटाच्या गव्हासाठी चक्की धुऊन ठेवायचे आणि प्रत्येक घराच्या मुठी पाटीवर लिहायचे.

"किसनभाऊचं ना? चार," त्यांनी खडू टेकवला.

"नऊ लिहा."

"नऊ? पोरी, तुमच्या घरी पुरुष तर चारच."

"चारच आहेत," हर्षदा म्हणाली. आवाज रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत गेला. तिने पिशवी काट्यावर दाणकन ठेवली. "तुम्ही नऊ लिहा. आणि पाटी अशी बाहेर करून ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी."