अकरावं खापर

अरुणाला अथेन्सला जायचं होतं, आणि तेही सगळ्यांना घेऊन. ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत दर रविवारी सकाळी ती इतिहासाचा वर्ग घ्यायची. सहा वर्षं, चहा-चिवड्यासकट. डिसेंबरात वर्गाची ग्रीसची सहल ठरली होती. अ‍ॅक्रोपोलिसपाशी उभं राहून आपण बोलायचं आणि आपल्या माणसांनी ऐकायचं, एवढ्याच स्वप्नावर बाई दोन वर्षं तरंगत होती.

त्या रविवारी खेळ होता अथेन्सच्या रिवाजाचा. तिथे कुणी डोईजड झाला, की लोक फुटक्या खापरावर त्याचं नाव लिहीत. ज्याची खापरं जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. इथली शिक्षा साधी होती, पुढचा रविवार घरी बसायचं. खापरं आणायचं काम अश्लेषाने आठवडाभर आधीच मागून घेतलं होतं. अश्लेषा म्हणजे अरुणाची जिवाभावाची मैत्रीण; तिच्यावर काम सोपवलं की अरुणा निर्धास्त. भोळी ती भोळीच.

अश्लेषाने पिशवीतून खापरं वाटली, मार्कर फिरले, टोपली भरली. अरुणा हसत हसत मोजायला बसली. सतरातल्या अकरांवर तिचंच नाव होतं.

"घ्या, गुरूलाच हाकललं," संजीव म्हणाला, आणि सगळे हसले. अरुणाही हसली. मग तिचं लक्ष अक्षरांकडे गेलं. दहा खापरांवर शिरोरेघच नव्हती. अशी बोडकी अक्षरं वर्गात एकच बाई काढायची.

पुढे सांगायची गोष्ट अरुणाने मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती तिने सांगितली. "पर्शियाचं आरमार बुडवून थेमिस्टोक्लीसने अथेन्स वाचवलं. पुढे त्यालाच हाकललं. त्याच्या नावाची शंभराच्या वर खापरं एका विहिरीत सापडली, आणि लिहिणारे हात निघाले मोजकेच. आधीच लिहून ठेवलेली, लोकांना वाटायला."

आता कुणी हसलं नाही. अश्लेषाने चिवड्याचा डबा लावून टाकला.

"अगं, सहल मी नेते असं ठरलंय सगळ्यांचं," ती म्हणाली. "तू फार बोलतेस, लोक कंटाळतात. तोंडावर सांगितलं असतं तर तुला लागलं असतं. म्हटलं, हसतखेळत कळेल. नोट्स तेवढ्या देशील ना?"

अरुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. केसाने गळा कापायचा आणि वर सुरीही तिच्याकडेच मागायची! खापरं पिशवीत भरताना उरलेलं अकरावं तिने उजेडात धरलं. ठसठशीत, सुटी, जहाजाच्या लॉगबुकात लिहितात तशी अक्षरं. चोवीस वर्षं वाण्याच्या यादीपासून वाढदिवसाच्या कार्डापर्यंत ती हीच अक्षरं वाचत आली होती.

लिफ्टमध्ये तिचा नवरा, सुबोध, तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाला. मरीन इंजिनिअर माणूस, एरवी मोजकं बोलणारा. आज त्याला बोलावंसं वाटलं.

"मनावर घेऊ नकोस गं. गंमत होती. सगळ्यांनीच लिहिलं."

"सगळ्यांनी नाही," अरुणा म्हणाली, आणि पिशवी तिने दिली नाही. "त्या दहा जणांना लिहून दिलं होतं. तुला कोरं मिळालं होतं, सुबोध."