गेंद्याचं तेल

सहा आठवड्यांनी कौशल्याच्या मनगटाचं प्लास्टर निघालं, तेव्हा तिनं हात पदराखाली लपवला. कातडी कोरडी पडली होती, खपल्या धरल्या होत्या आणि खाज काही केल्या थांबत नव्हती.

तिचा नवरा भैयालाल पोलाद कारखान्यातल्या, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून रिटायर झालेला. कोहका वस्तीत दोघांचा चाळीस वर्षांचा संसार, पण मायेचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो काही न सांगता कैंप-1 वस्तीत शकुबाईकडे गेला. शकुबाई बाळंतिणींना मालिश करायची, तेलही घरीच बनवायची.

"गेंद्याच्या पाकळ्या तिळाच्या तेलात टाकजो," ती म्हणाली. "बारा दिवस उन्हात ठेवजो, मंग गाळजो."

त्यानं झेंडूच्या ताज्या पाकळ्या बरणीत तेलात भरून गच्चीवर ठेवल्या.

"काय करून राहिले जी वरती?" कौशल्यानं विचारलं.

"काही नाही. लोणचं."

"तुमी? लोणचं?" ती हसली.

आठव्या दिवशी बरणीला आंबूस वास आला, वर बुरशी तरंगत होती. भैयालाल बरणी घेऊन पुन्हा शकुबाईकडे गेला.

"पाकळ्या वाळवल्या नाही का?"

"तू सांगितलं कुठं मले?"

"अरे, पाण्याचा अंश राहिला का तेल नासतेच."

यावेळी त्यानं पाकळ्या तीन दिवस सावलीत वाळवल्या, मग बारा दिवस दम धरला. गाळलेलं तेल आधी कौशल्याच्या कोपराजवळ थोडं लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिथं काही उठलं नाही, तेव्हा संध्याकाळी तिचा हात त्यानं मांडीवर घेतला.

"हळू," ती म्हणाली. "मिलमधला रूळ नाही आहे माझा हात."

त्यानं बोटं सैल सोडली. तेवढ्यात सून नीतू चहा घेऊन आली. कौशल्या हात ओढून घेऊ लागली, पण त्यानं सोडला नाही.

"चहा ठेव तिथंच, बेटा," तो खाली मान घालून म्हणाला.

आठ-दहा दिवसांत खाज गेली, कातडीही मऊ झाली. तेलाची बाटली रिकामी होत आली तशी कौशल्या म्हणाली, "आता हा दुसरा हात दुखून राहिला."

दुसऱ्या हाताला काही झालेलं नाही, हे भैयालालला ठाऊक होतं. त्यानं चपला घातल्या आणि गेंदा आणायला बाजारात गेला.