तारेचा पंजा

"अगं, पण चष्मा टाकलास कुठे?" मिस्त्री जमिनीवर आडवे होऊन कपाटाखाली डोकावत होते.

"मी कुठे टाकला? तोच गेला," पलंगावर बसून पाय हलवत बायको म्हणाली.

मिस्त्रींनी कामाच्या पिशवीतून पंजा काढला. हातभर लांब, वाकवावी तशी वाकणारी स्प्रिंगची नळी. मागचं बटण दाबलं की पुढे तारेच्या चार नख्या उघडायच्या, सोडलं की मिटायच्या. वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. पंपात अडकलेली बटणं, पाइपात गेलेल्या पिना, एकदा तर एका नवरीची अंगठी त्यांनी या पंजाने बाहेर काढली होती. "याच्या तावडीतून काही सुटत नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे.

बायकोचं विसरणं सुरू झालं आणि पंजा घरीही कामाला लागला. कंगवा, चमचे, किल्ल्या, हाताला लागेल ते ती फटीत सरकवायची. संध्याकाळी त्यांनी ते काढायचं आणि तिने खुदकन हसायचं, असा त्यांचा खेळच होऊन बसला होता. दुखणं मात्र झपाट्याने वाढत होतं. गोळ्यांनी ते थोडं लांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. लांबलं काहीच नाही. मिस्त्री डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायचे, तरी रोज सकाळी गोळी तिच्या तळहातावर ठेवूनच कामाला निघायचे.

चष्मा कपाटाखाली नव्हता. म्हणून त्यांनी पंजा कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सोडला आणि वर ओढला. नख्यांत धुळीचा पुंजका आला, आणि त्यात एक पांढरी गोळी. पुन्हा सोडला, पुन्हा गोळ्याच. शेवटी त्यांनी खांदा लावून कपाटच सरकवलं. भिंतीच्या कडेला ढीग साचला होता. वरच्या गोळ्या पांढऱ्या, खालच्या पिवळ्या पडून भुगा झालेल्या.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

तिने ढिगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत ती जुनी, सगळं ओळखणारी नजर आली.

"सापडल्या म्हणजे तुम्हाला."

"का केलंस असं?"

"माझ्या आईचं मी काढलंय ना सगळं. न्हाऊ घालायला गेले की ओरबाडायची मला, कोण गं तू, म्हणून. किती वर्षं चाललं ते! तिचं लवकर आटपावं असं मनात यायचं माझ्या. तुमच्यावर नको यायला ती वेळ."

"मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

म्हणालेच असते. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. "अगं, वर्षभर आणखी बोललो असतो आपण. तेवढं तरी ठेवायचंस माझ्यासाठी."

ती उतरून त्यांच्याशेजारी येऊन बसली. एक गोळी उचलून तिने उजेडात धरली.

"छान आहे. कुणाची हो?"

आत्ता क्षणभर आठवलं तेवढंच; एरवी का टाकायच्या ते ती कधीच विसरली असेल. हाताची सवय तेवढी राहिली होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आई गोळ्या घेते ना वेळेवर?"

"घेते."

"मग गुण कसा येत नाही? डॉक्टर बदलूया का?"

"नको. चांगले आहेत ते," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली होती. खिडकीतला उजेड हळूहळू गेला. दिवा लावायला हवा होता, पण उठायचं तर तिच्या मुठीतून सदऱ्याची बाही सोडवावी लागली असती. मिस्त्री अंधारात तसेच बसून राहिले.