कमानींवरची झोप

व्हिक्टरची डॉज मागच्या डाव्या अंगाला बसली, तेव्हा उमेळे गावात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. बापाच्या वेळची अमेरिकन गाडी, लांबीला होडीएवढी, गल्लीत वळली की शेजाऱ्यांची कुंडी फुटायचीच. लोक म्हणाले, आता तरी भंगारात घाल. लोकांचं काय जातं! व्हिक्टरला ती हवी होती मार्गारेटसाठी. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याच्या बायकोला रिक्षाचा एकेक खड्डा रडवायचा. दोन वर्षं ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. पाचूबंदरचं माहेरही तुटलं. अलीकडे तर तिने ‘कुठेतरी ने’ म्हणणंच सोडलं होतं, आणि व्हिक्टरला त्याचीच भीती वाटायची. डॉजची मागची सीट तेवढी तिला सोसायची, कारण खालच्या कमानी, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, धक्का अलगद गिळायच्या. नेमकी त्यातलीच एक मोडली.

फाट्यावरचा मेकॅनिक काशीराम म्हणाला, ट्रकच्या घालून देतो, पण धक्के थेट मणक्यात जातील. आणि बदलायच्या तर दोन्ही, नाहीतर गाडी लंगडेल. व्हिक्टरने कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घातला, अमेरिकेतल्या दुकानदारांना फोटो पाठवले. कुठे काही जमेना. शेवटी काशीरामलाच आठवलं, तसलीच एक डॉज पाचूबंदरला मोडीत निघाली होती आणि तिच्या कमानी आग्नेल तांडेलाने नेल्या होत्या.

आता बोट हाकणाऱ्या तांडेलाला गाडीच्या कमानी कशाला? व्हिक्टर जाऊन बघतो तर त्या खाटेखाली. आग्नेलबाबाची सारी हयात बोटीवर गेलेली. गुडघे गेले, पोरांनी किनाऱ्यावर बसवला आणि म्हाताऱ्याची झोपच उडाली. न हलणाऱ्या जमिनीवर त्याचा डोळा लागेना. मग पोरांनी खाट या कमानींवर चढवली. कूस बदलली की ती डुलायची आणि म्हातारा घोरू लागायचा.

बाबाने त्याला पडून बघायला सांगितलं. व्हिक्टर संकोचत आडवा झाला. खाट हलली, मग भिंत हलली, दाराबाहेर वाळत घातलेले बोंबील संथपणे एका बाजूला सरकले. खाडीचं पाणी उंबऱ्यातून आत आलं, पण ओलं लागेना. त्या पाण्यावरून डॉज येत होती, मागे मार्गारेट बसलेली, लग्नातल्या पांढऱ्या झग्यात, आणि ती कुठल्यातरी किनाऱ्याकडे बोट दाखवत होती.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि म्हातारा शेजारी बसून त्याच्यावरच्या माश्या वारत होता. व्हिक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मुश्किलीने मिळालेली झोप म्हाताऱ्याच्या अंगाखालून काढून न्यायची, हे कुठल्या तोंडाने मागणार? तो मार्गारेटच्या दुखण्याबद्दल बोलला आणि कमानींचं नावही न काढता उठला.

पण म्हाताऱ्याने उन्हाळे-पावसाळे पाहिले होते; हा कशासाठी आला ते त्याने ओळखलं. मार्गारेटचा बाप त्याच्याच बोटीवर होता.

"दोनी घेऊन जा," तो म्हणाला. "पन दर रविवारी दुपारी मना तुझ्या गाडीत झोपाला दे. चालत्या गाडीत."

आणि बाकीचे दिवस, असं व्हिक्टरने विचारलं.

"जागा रानार. घरात एक मानूस जागा असला तं बरा."

काशीरामने कमानी बसवल्या. रविवारी मार्गारेट आधी नाहीच म्हणत होती. बाबाला शब्द दिलाय म्हटल्यावर नाइलाजाने मागे बसली. पाचूबंदरला बाबा तिच्या शेजारी टेकला आणि गल्ली संपायच्या आत घोरू लागला. व्हिक्टर बैलगाडीच्या चालीने निघाला. रस्ता उन्हात वितळल्यासारखा दिसत होता, गाडी हळूहळू वरखाली होत होती. आरशात मार्गारेटचे डोळे मिटलेले होते. कळ सोसत बसली असणार, असं त्याला वाटलं. त्याने गाडी कडेला घेतली, दुखतंय का विचारलं, आणि घराकडे वळवायला चाक फिरवलं.

मार्गारेटने डोळे उघडले.

"वळू नको," ती म्हणाली. "अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ने मला."