ताशी तीन

सात वर्षांत बाबांनी जीपच्या त्या बटणाला हात लावला नव्हता. ते दाबलं की गाडी ब्रेक आणि गॅस स्वतः सांभाळत ताशी तीन किलोमीटरने उतरते. आपण फक्त स्टिअरिंग धरायचं. "मग मी काय शोभेला बसू?" असं ते विचारायचे.

आज कंबरेचं हाड मोडून ते मागच्या सीटवर आडवे होते आणि दगडांच्या उतारावर गाडी माझ्या हातात होती. मी त्यांना न विचारता बटण दाबलं.

चाक सरकून खरखर झाली की माझा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. ब्रेक दाबला की बटण सुटायचं, गाडी हिसका द्यायची आणि बाबा कण्हायचे. तिसऱ्या हिसक्याला मला स्वतःचाच संताप आला.

"मांडी घाल," बाबा म्हणाले. "पाय खाली राहिला तर तो जाणारच."

मी सीटवर मांडी घातली. गाडी एकेक दगड चाचपत उतरू लागली. चार वर्षांपूर्वी याच उतारावरून बाबांनी आईला नेलं होतं. तिच्या पोटात रक्तस्राव होत होता. ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. रस्ताच वाईट, हिसक्यांनी गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

खाली सपाट रस्ता लागला.

"बघा, नंतर एकही हिसका बसला नाही," मी जरा ठसक्यातच म्हणाले.



"तुझ्या आईच्या वेळीही हे बटण होतं गं गाडीत."