पक्की दाढ

सात वर्षांच्या कस्तुराची मागची दाढ ठणकायला लागली, तेव्हा माझ्या आईने, सोजरबाईने, तिच्या दाताखाली लवंग दिली आणि निकाल लावून टाकला. "दुधाची हाय. पडंल आपुआप. डाक्टर कशाला?" बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. मीही मान डोलावली. खर्चाचं नाव नसलेला सल्ला मला लगेच पटतो.

दोन महिने असेच गेले. मग सुट्टीच्या गुरुवारी तिला पिंपरीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने टॉर्च मारून पाहिलं.

"ही दुधाची नाही हो. सहाव्या वर्षी मागे नवी येते, ती ही. पक्की दाढ. कीड कोरून चांदी भरली तर अजून वाचेल."

"मग भरा."

"आज गुरुवार. लाइट कुठाय?"

गुरुवारी आमच्या पट्ट्यात वीज बंद, म्हणून कंपन्यांना सुट्टी. कंपनीला सुट्टी म्हणून मी मोकळा, आणि मी मोकळा त्याच दिवशी डॉक्टरचं मशीन बंद! बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने?

रजा मागायला गेलो, तर फोरमन अर्जुनराव हसला. "पोरीच्या दातासाठी रजा? भीमराज, उद्या केस कापायला मागशील." आठ-आठ तास मी लोखंडाला भोकं पाडायची आणि पोरीची एक दाढ कोरून घ्यायला मला सवड नाही. डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी सोमवारी आईबरोबर पाठवलं. संध्याकाळी घरी येऊन बघतो, तर दाढ तशीच.

"मेला पोरीच्या तोंडात मशीन घालत व्हता," आई म्हणाली. "घुर्रर्र करतंय त्ये! मी आणली उचलून."

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्यात गाल सुजला. शिफ्ट बुडवून धावलो. डॉक्टर म्हणाला, "आता भरण्यासारखं काही उरलं नाही." दाढ उपटून त्याने कापसात गुंडाळून दिली. कस्तुरा रडलीसुद्धा नाही.

घरी आल्या आल्या तिने ती पत्र्यावर भिरकावली. "उंदीरमामा, माझी जुनी घे, नवी दे!"

"आता बघ, कशी पांढरीशुभ्र येतीया," आई कौतुकाने म्हणाली.

"नाही येणार!" मी ओरडलो. चिडलो होतो स्वतःवर, ओरडलो लेकीवर. "ती परत येत नसते. कधीच नाही."

कस्तुरा गालाला हात लावून माझ्याकडे बघत राहिली.

"मग काढू कशाला दिलीत, बाबा?"