मी गोंडेवालं गवत आणि माझा उंदीर शेजारी

मित्रांनो, टुंड्राच्या दलदलीत वाढून म्हातारं झालेलं मी एक गवत आहे. पण नुसतं गवत म्हणाल तर याद राखा! उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर पांढरेशुभ्र गोंडे डोलतात, आणि चिखलाखालचे माझे कोंब इतके गोड, की इथल्या युपिक जमातीच्या बायका त्यांच्यावर जीव टाकतात.

माझा शेजारी म्हणजे गवती उंदीर. त्याची नि माझी काय बरोबरी! मी कित्येक हिवाळे पाहिले. त्याला दुसरा दिसला तरी पुष्कळ. मला फुलं, त्याला नुसत्या मिशा. वर हा पठ्ठ्या उन्हाळाभर माझेच कोंब कुरतडून बिळात नेतो. चोर मेला! असंच म्हणायचं मी त्याला.

थंडी पडू लागली की बायका येतात. शेवाळावर पाय दाबत चालतात. जिथं मऊ लागेल तिथं खाली उंदराचं कोठार. निम्मे कोंब घ्यायचे, बदल्यात सुकी मासळी ठेवायची आणि शेवाळाचं झाकण नीट बसवायचं, ही इथली रीत.

यंदा नानुगा नावाची पोर मावशीबरोबर पहिल्यांदाच आली. भलंमोठं कोठार सापडलं आणि तिला भानच राहिलं नाही. सगळं टोपलीत! आत उंदराची चार पिल्लं, हिवाळा तोंडावर.

“मावशी, बघ, टोपली भरली!”

इलानाक मावशीनं कोठारात हात घातला. “अगं भवाने, एक कोंबसुद्धा ठेवला नाहीस? खातील काय ती?”

“उंदीरच तर आहेत!”

“असं? मग तूच काढ चिखलातून. बघू तरी किती निघतात.”

नानुगा हट्टानं बसली. बर्फासारख्या चिखलात बोटं निळी पडली, नखं फुटली. दुपारपर्यंत हाती आले तीन कोंब. मी काय सहजासहजी सुटणारं आहे!

पण मित्रांनो, तेव्हाच माझी मिजास उतरली. आजवर माझी गोडी माणसांच्या जिभेवर पोचली, ती त्या चोराच्या दातांमुळे.

नानुगानं अर्धी टोपली परत कोठारात ओतली. वर स्वतःच्या जेवणाची सुकी मासळीही ठेवली.

“पुरेल ना गं त्यांना?” तिनं विचारलं. मावशीनं आपली मासळी मोडून निम्मी तिच्या हातात दिली.

तेव्हा घेताना मागे ठेवायला विसरू नका, मित्रांनो. मी गर्विष्ठ आहे, आणि राहणार! पण माझ्या गोडीचं कौतुक कराल, तर त्यातलं निम्मं खाली बिळात पोचवा.